पुरून उरलेला भात

नव्या तांदळाच्या भाताला उकळी फुटते तेव्हा जो वास सुटतो, तो आधी नाकाला कळत नाही. तो पोटाला कळतो. चैत्रातल्या त्या सकाळी, धामापूरला माझ्या भावाच्या घरामागे, काजूच्या सावलीत मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीवर मोठा टोप रटरटत होता आणि वाफेचा तो गोडसर, ओलसर दरवळ थेट खळ्यापर्यंत पसरला होता. माझी भाची सायली, म्हणजे दादाची एकुलती एक लेक, हिचा त्या दिवशी साखरपुडा. मुलाकडची, इन्सुली गावची, पन्नासेक माणसे दुपारी जेवायला यायची होती. मी जामसंड्याहून आदल्या दिवशीच आले होते, आणि आत्या म्हणून मिळालेल्या अधिकाराने काम न करता नुसती सगळीकडे डोकावत होते.

भात निथळून टोपलीत उपसला, वरण शिजले, वहिनीने फोडणीसाठी कढल्यात तेल घातले, आणि तेवढ्यात दादाचा फोन वाजला. तो बोलत बोलत माडाखाली गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"तेंच्या घराक सुतक इला," तो म्हणाला. "न्हवऱ्याचो काको सकाळी गेलो. बसल्या जाग्यार."

माणसे होती तिथेच थांबली. त्या शांततेत शेजारच्या काकींचे पुटपुटणे सगळ्यांनाच ऐकू गेले: "साखरपुड्याच्या दिवशीच असा व्हवचा? बरा लक्षण नाय ह्या."

वाक्य लहान होते, पण आमच्याकडे असल्या वाक्यांना पाय फुटतात. ते संध्याकाळपर्यंत गावभर फिरले असते, आणि चार दिवसांनी इन्सुलीच्या ओटीवर जाऊन बसले असते. वहिनीच्या मनात तेच आले असावे. तिने कढले चुलीवरून उतरवले आणि त्या शुभ्र ढिगाकडे बघत, कुणालाच नाही अशा आवाजात विचारले, "एवढो भात आता खंय घालू गो?"

सायली नवी साडी नेसून आतल्या दारात उभी होती. ती रडेल असे मला वाटले होते. पण लहानपणापासून तिची एक खोड आहे. काही बिनसले की ती आधी त्याच्याकडे टक लावून बघते, जणू ते उलगडून आतून कसे आहे ते तिला पाहायचे असते. तशीच ती भाताकडे बघत होती.

"थंय आज चूल पेटाची नाय," ती म्हणाली. "मानसा उपाशी आसतली. भात थंय न्हेवया."

"साखरपुड्याचो भात मयताच्या घरात?" काकी दचकल्या. "वायट दिसतला ता."

"भाताक काय म्हायत आसा काकी, आपणाक कित्याक शिजवलो ता?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. दादाने एकदा तिच्याकडे पाहिले आणि गाडीची मागची सीट आडवी केली. वरणाला फोडणी पडायची राहिली होती हे बरेच झाले; सुतकाच्या घरात तसेच चालते. अर्धा भात आणि ते बिनफोडणीचे, पिवळे वरण घेऊन दादा आणि मी निघालो. मांडीवरच्या डब्याची ऊब मला जाणवत होती, आणि मनात एकच: त्यांनी दारातूनच परत पाठवले तर?

इन्सुलीला पोचलो तेव्हा माणसे नुकतीच स्मशानातून परतली होती. ओल्या केसांनी, ओल्या पंचांनी पडवीत बसली होती. मुलाची आई पुढे आली. तिने झाकण उचलून आत पाहिले.

"ह्यो सकाळचोच भात मा?"

दादाने मान खाली घातली. "व्हय."

वाफेने तिचा चेहरा ओलसर झाला होता, की ती आधीच रडत होती, मला सांगता येणार नाही. मग ती मागे वळून म्हणाली, "पानां मांडा रे." आणि आम्हाला, हळू आवाजात, "भावोजी काल म्हणत होते, उद्या धामापूराक पोटभर जेवतलंय म्हणान." भाताचा पहिला घास तिने केळीच्या पानाच्या तुकड्यावर घालून अंगणाच्या कडेला ठेवला. मग सगळे जेवले. भात पुन्हा पुन्हा मागून घेतला जात होता.

परत आल्यावर विहिरीवर अंघोळ करून मी मागच्या दाराने आत शिरले आणि थबकले. सकाळी जिथे सुन्न बसलेली माणसे सोडून गेलो होतो, तिथे चक्क कामाची गडबड होती. उरलेल्या अर्ध्या भाताभोवती सायलीने निम्म्या आळीला बसवले होते, काकींनासुद्धा. साडी बदलून, जुन्या ड्रेसच्या बाह्या वर सारून ती एका परातीत भात कुस्करत होती. त्यात जिरे, मीठ, वाटलेली मिरची. त्याचे बोराएवढे सांडगे खळ्यात पसरलेल्या जुन्या पातळावर ओळीने उन्हात वाळत होते. वहिनी भिजवलेल्या तांदूळ-उडदाबरोबर भाताच्या मुठी वाटून घेत होती, दुसऱ्या दिवशीच्या आंबोळ्या मऊ होतात म्हणून. काकींनी तांदळाच्या पिठात भात मळून भाकऱ्या थापायला घेतल्या होत्या आणि त्या कशा फुगत नाहीत तेच बघत होत्या. नारळाच्या रसात गूळ विरघळवून त्यात शिजवलेला भात एका पातेल्यात घट्ट होत होता. खोबरे-कोथिंबीर घालून तव्यावर परतलेल्या चपट्या वड्यांचा एक घाणा बिघडून नुसता चुरा झाला होता, आणि तो चुराच सगळ्यांना जास्त आवडला होता.

"फुटली ती कित्याक?" सायली तव्यावर वाकून विचारत होती. "पाणी जास्त ऱ्हवला काय?"

"पीठ घाल गो वायच," काकी म्हणाल्या. मग भाकरी उलटत मला, "आणि इन्सुलीक काय म्हणाले?"

मी सांगितले. काकींनी ऐकून घेतले, पदराने डोळे पुसले आणि पुढची भाकरी थापली. सकाळचे त्यांचे वाक्य त्या अंगणाबाहेर गेले नाही, एवढे मला नंतर कळले. उन्हाने, की पिठाने भरलेल्या हातांनी, ते अडवले कुणी हे कळले नाही.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी नवरा मुलगा आमची भांडी परत द्यायला आला. एकटाच. ओटीवर अवघडून बसला. सायलीने तळलेल्या सांडग्यांची बशी पुढे ठेवली. कढईत पडताच फुलून आलेले, कडेला तांबूस, आत पोकळ.

त्याने एक तोंडात टाकला. "ह्या काय?"

"तोच भात."

तो चावायचा थांबला. बशीकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. मी तोवर धामापूरलाच राहिले होते आणि आतल्या खोलीतून बघत होते. मला वाटले, आता त्याला काका आठवले असतील, आता तो उठेल. तो उठला नाही. त्याने दुसरा सांडगा उचलला आणि विचारले, "मगे आणि काय काय केलंस तेचा?"

ती सांगू लागली. तव्यावर फुटलेल्या वड्यांपासून सुरुवात केली, जिथे तिचे चुकले होते तिथून. आणि तो मध्येच काही विचारी, ती हसे, पुन्हा सांगू लागे. साखरपुड्याची नवी तारीख कुणीच अजून काढली नव्हती. आपल्या भाषेत 'पुरून उरणे' म्हणतात. मी ते नेहमी धान्याच्या, पैशाच्या संदर्भात ऐकले होते. आत बसल्या बसल्या मला प्रथमच वाटले की, पुरते ते कुणाकुणाला आणि उरते ते नेमके काय, हे आधी कुठे ठाऊक असते कुणाला? बाहेर त्याचा पुढचा प्रश्न चालू होता.