आईचा डबा आणि माधवच्या पुंगळ्या

मंडळी, हे मी नवऱ्याच्या, म्हणजे माधवच्याच कॉम्प्युटरवरून, त्याच्याच मॉडेमने लिहितेय. आपल्या या मराठी बुलेटिन बोर्डवर तोही असतो. वाचू दे.

त्याला शूटिंगचं वेड. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरी आणतो, चकचकीत करतो आणि त्यांत पुन्हा दारू-गोळी भरतो. त्यासाठी त्याने गराजमध्ये टम्बलर, म्हणजे पुंगळ्या घासून चमकवणारं यंत्र, बनवला. जुन्या ड्रायरची मोटर, आणि तिच्यावर गरगर फिरणारा डबा. आत पुंगळ्या आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा.

तो डबा माझा! लग्नातला, स्टीलचा. तळाला कोरलंय, 'चि. वसूस, आईकडून'. बोल्टसाठी पाडलेलं भोक बरोब्बर 'आई'वर. आई जाऊन दोन वर्षं झाली.

काल मी ओरडले, तर म्हणतो, "अगं, रिलॅक्स! नवीन ऑर्डर करू. तू बस चिंचेने समया घासत."

बरं. चिंच तर चिंच. आज तो कामावर गेल्यावर सगळ्या पुंगळ्या चिंचेच्या कोळात दिवसभर बुडवून ठेवल्या. शिकागोहून, डेव्हनवरच्या देशी दुकानातून आणलेलं चिंचेचं अख्खं पाकीट संपलं. पर्वा नाही. पितळ चिंचेत फार वेळ राहिलं की लाल पडतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या पीएचडीवाल्याला माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्याचा चेहरा पुंगळ्यांपेक्षा लाल. "वसू, या आता कमजोर झाल्या! भरल्या तर फुटतील. सगळ्या फेकाव्या लागणार!"

मी म्हटलं, "रिलॅक्स! नवीन ऑर्डर करू."

तुमच्यापैकी कुणाला स्टीलच्या डब्याचं भोक बुजवता येतं का? भोक बुजेल हो. पण 'आई' पुन्हा कोण कोरणार?