धोतऱ्याचं दूध

माझी थोरली जाऊ वेडी नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. तिचं तान्हं पोर गेलं आणि त्या दिवसापासून ती गप्प झाली, एवढंच. भाकरी पुढ्यात ठेवली तर खायची, नाहीतर भिंतीकडे बघत बसायची. आमचं गाव सुलतानपूरजवळ. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चालायचा, आणि डोकं फिरलेल्या माणसालाही तिकडच्याच वेड्यांच्या इस्पितळात नेतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेलेलं माणूस परत आलेलं मात्र कोणी पाहिलं नव्हतं. भासरे, म्हणजे तिचा नवरा, म्हणाले, "पोळ्यापर्यंत वाट पाहू. नाही तं नागपूर."

म्हणून वैद्यांना बोलावलं. त्यांनी धोतऱ्याच्या बिया दिल्या. "जहर हाय, पन बंद झालेलं मन हेच उघडते." बियांची पुरचुंडी गाईच्या दुधात टांगून पहारभर उकळायची, मग बिया धुऊन वाळवायच्या आणि त्यांची चिमूटभर पूड तिला द्यायची. दूध उकिरड्यावर फेकायचं. चूल माझ्याकडे, म्हणून हे सगळं त्यांनी मलाच सांगितलं.

पण शेरभर दूध हो! आमच्या घरी दूध उतू गेलं तरी सासू चुलीला हात जोडायची. गाईचं दूध उकिरड्यावर टाकायला माझा हातच धजेना. वाटलं, औषधाचा सारा अर्क यातच उतरलाय, मग जाऊ दे तिच्याच पोटात. मोठी शहाणी ना मी! गूळ घालून तिला पेलाभर पाजलं. ती मुकाट्यानं प्यायली.

दुपारी तिचं तोंड लालबुंद झालं, ओठ सुकले, डोळ्यांतली बाहुली एवढी मोठी झाली की डोळे नुसते काळे दिसायला लागले. आणि ती हसली! गोधडीची गुंडाळी छातीशी धरून म्हणाली, "पाहा न वं, कसा पेते!"

खरं सांगते, मला आनंद झाला. सासू रडायला लागली. भासऱ्यांनी तर वैद्यांसाठी धोतर आणायचं कबूल केलं.

मग ती उठली. "याचं आंग तापलं, न्हाऊ घालतो," म्हणत विहिरीकडे पळाली. चौघांनी काठावरून ओढून आणली. ती भासऱ्यांच्या हाताला कडकडून चावली. पुढचे दोन दिवस ती कोणालाच ओळखेना. हवेतले न दिसणारे धागे चिमटीत धरून ओढत राहिली.

वैद्य आले. मला म्हणाले, "सूनबाई, ते दूध फेकलं होतं न?"

सासू, भासरे, माझा नवरा, सगळे माझ्याकडे बघत होते. 

"हाव," मी म्हटलं.

"मंग हे औषधाचं नोहे. रोगच हाताबाहेर गेला."

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. पण विहिरीचा धसका घरानं घेतला होता. खामगावला जायला गाडी जुंपली, तिथून पुढे नागपूरपर्यंत आगगाडी. तिनं आपल्या हातानं केस विंचरले, लुगडं नीट केलं आणि कित्येक महिन्यांनी शहाण्या माणसासारखं विचारलं, "कुठी नेऊन राह्यले मले?"

भासऱ्यांनी तिला हात देऊन गाडीत चढवलं. गाडीत बसल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"मी काय केलं वं? तू तं घरातच होती. सांग न!"

मी सांगितलं असतं तर भासऱ्यांनी तिथल्या तिथे बैल सोडले असते. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि शिदोरी तिच्या मांडीवर ठेवली.