बांगड्यातले जंत

भूकंपात घर पडलं, मग आम्ही लातूरला आलो. बाहेरगावाहून क्लासला येणाऱ्या पोरी माझ्याकडे जेवायला असत. पोरींना समुद्राचा मासा हवा असायचा, म्हणून रविवारी मी बर्फातला बांगडा आणायची. कोळी साफ करूनच द्यायचा. एकदा त्याला घाई होती, तेव्हा मी तो घरी चिरला. पोटात पांढरे जंत वेटोळे घालून बसलेले होते. एक हलला.

 मागच्या रविवारचा बांगडा पोरींनी खाल्ला होता आणि मुखेडहून आलेल्या पोरीचं पोट तेव्हापासून दुखत होतं. डॉक्टर पित्त म्हणाले होते, पण त्यांना जंतांचं कुठं ठाऊक होतं? डॉक्टरांकडे परत जाऊन सांगायचा मला धीर झाला नाही. लहान लेकरांना जंतांवर देतात तसा वावडिंगाचा काढा करून मी सगळ्या पोरींना पाजला.

"काकू, परीक्षेच्या आधीच मारता का काय?" मुखेडची म्हणाली. मी खाली मान घालून वाटी पुढं केली.

माझी भाची नांदेडला प्रयोगशाळेत शिकत होती. तिनं फोनवर सांगितलं तसे माशातून काढलेले जंत स्पिरिटात घालून मी एसटीनं तिच्याकडे गेले.

"मावशी, दिसायला हे सगळे सारखेच. यांचा डीएनए काढून ओळखीच्या जंतांशी जुळवून बघावा लागतो."

"पोरीच्या पोटात एखादा वाढत असंल का गं?"

"आधी कुठला जंत हाय ते तर कळू दे."

ते दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मुखेडच्या पोरीच्या आईचा फोन आला की मी न्हाणीत जाऊन बसायची.

शेवटी भाचीचा फोन आला. "समुद्रातल्या माशांचाच जंत निघाला. पोटात जिवंत गेला तरच माणसाला त्रास. तू मासा कसा करतेस?"

"तळते. वास जात न्हाई म्हणून परत रश्शात रटरटू देते."

ती हसायला लागली. "मग तो कवाच मेला की! डॉक्टर म्हणाले ते पित्तच."

मी ओट्याला टेकून खालीच बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं. पुसलं आणि पोरीच्या आईला आपणहून फोन लावला, पहिल्यापासून सगळं सांगितलं.

 ती म्हणाली, "असं व्हय. आवं, ती उपाशीपोटी नुसता चहा पिती. तिला सकाळी आधी भाकर घालत जावा."



"घालते," मी म्हणाले.