समुद्राचे सल्लागार

बाबालाल मुलाणी समुद्राचे सल्लागार झाले, तेव्हा त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या बायकोला, बिस्मिल्लाला, यात काही विशेष वाटलं नाही. न पाहिलेल्या गोष्टींवर नवऱ्याचा सल्ला ती लग्नापासून ऐकत आली होती. मुळशी धरणाच्या काठच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान. साखर तोलता तोलता ते म्हशीच्या आजारापासून दिल्लीच्या सरकारापर्यंत सगळ्यावर मत देत. माणसं ऐकूनही घेत, कारण वजनात त्यांनी कधी कुणाला मारलं नव्हतं.

त्याचं झालं असं. एकोणनव्वद साल असेल. समुद्राची पातळी वाढणार म्हणून सरकारने मुंबईत एक सल्लागार समिती बसवायचं ठरवलं. शास्त्रज्ञ घेतले, इंजिनिअर घेतले, बंदराचे साहेब घेतले. मग कुणाच्या तरी मनात आलं की, ज्याचं गाव पाण्याखाली गेलंय असा एखादा माणूसही हवा. कोकणात तसा माणूस अजून तयार झाला नव्हता. मुळशीत धरणाने तो केव्हाच तयार करून ठेवला होता. विचारणा आली गावच्या पुढारी हैबतरावांकडे. त्यांना मुंबईचा प्रवास सोसत नसे.

"बाबालाल, तुझ्या आज्याचं घर धरणात गेलंय न्हवं? मंग तूच जा," ते दुकानात येऊन म्हणाले.

"पर म्या समुद्र कुटं बघितलाय?"

"तितं तरी कोन दावनाराय तुला? खोलीत बसायचंय."

आणि झालं अगदी तसंच. वाऱ्याने कागद उडतात म्हणून खिडक्या लावलेल्या खोलीत पहिली बैठक भरली. अध्यक्ष कोण, उपसमित्या किती, पुढची बैठक कुठे, यातच जेवणाची वेळ झाली. समुद्र वाढणार याबद्दल मात्र कुणाचं दुमत नव्हतं. शेवटी मुळशीच्या सदस्यांना काही बोलायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. बाबालाल उठले. "सायेब, त्या समुद्राचं दरवाजं कुटं हायेत? अन् ते उघडतंय कोन?"

"मंग काय म्हनलं सायेब?" घरी आल्यावर बिस्मिल्लाने विचारलं.

"सवाल चांगला हाय म्हनलं. लिहून घेतला."

त्या दिवसापासून दुकानात साखरेबरोबर समुद्रही मिळू लागला. बिस्मिल्ला हसत होती. पण लेकीचं, हसिनाचं, स्थळ आलं आणि तिचं हसू आटलं. मुलगा रमजान, चाँदभाईंचा. चाँदभाई मूळचे मावळातले, नोकरीपायी खाली कोकणात बंदरावर गेले आणि तिथलेच झाले. हसिनाने आधीची स्थळं ताडकन मोडली होती. रमजानचं नाव निघालं तेव्हा मात्र ती उठून तांदूळ निवडायला बसली. निवडलेले तांदूळच पुन्हा निवडत होती. आईला कळायचं ते कळलं.

"घर कुटं हाय त्येंचं?" बाबालालनी विचारलं.

"खाडीच्या कडंला."

"न्हाई द्यायची. समितीत ठरलंय, त्यो वाढनाराय."

"समितीला काय लेक हाय का? घर बघून तर येऊ!"

रीत अशी की मुलीकडच्यांनी आधी घर बघायचं. पसंत पडलं तर तिथेच साखर खायची, नाही तर तोंड गोड न करता उठायचं. दोघं ताम्हिणीचा घाट उतरून एसट्या बदलत दुपारी पोचली. समोर नुसता चिखल, आणि त्यात कुशीवर कललेल्या होड्या. बाबालालना एकदम हायसं वाटलं.

"चाँदभाई, तुमचा समुद्र तर आटलाय की! सायेबांना उगंच घोर."

चाँदभाई हसले. त्यांना वाटलं, व्याही थट्टा करताहेत. घर पाहून झालं, पोरगा पाहून झाला. जेवून बाबालालनी पडवीत मस्त ताणून दिली. इकडे बिस्मिल्ला आणि मुलाची आई गुलशन यांनी मानपानाचंही बोलून घेतलं. दिवस कलला. गुलशनने साखरेची वाटी बाहेर आणली, आणि त्याच वेळी बाबालालना जाग आली.

चिखल नाहीसा झाला होता. होड्या उभ्या राहून डोलत होत्या आणि पाणी अंगणाभोवतीच्या दगडी गडग्याला लागलं होतं.

"आलं! बिस्मिल्ला, ऊठ, आलं पानी!" कुणाला काही कळायच्या आत बाबालालनी तांदळाचं पोतं पाठीवर मारलं आणि माळ्याच्या शिडीकडे धावले. "भाबी, गाद्या उचला! भांडी ऱ्हाऊ द्या, दाना वाचवा!"

रमजान तोंडाला रुमाल लावून मागच्या दारी पळाला. गुलशनला मात्र हसू आलं नाही.

"भरती हाय ती, भाऊ. रोज येती, रोज जाती. इतकी वर्सं ऱ्हातोय आमी हितं, अन् तुमी आमचं घर बुडतंय म्हनून वरडताय? पोरगी द्यायची नसंल तर सरळ सांगा." आणि वाटी उचलून ती आत निघाली.

बिस्मिल्ला धावत पुढे आली. पोतं अजून नवऱ्याच्या पाठीवरच होतं. तिने ते उतरवून घेतलं. बाबालाल मटकन पायरीवर बसले.

"आमच्याकडं आलेलं पानी परत जात न्हाई," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "आज्यानं तीनदा चूल वर न्हेली. तीनदा पानी मागोमाग आलं."

चाँदभाई त्यांच्याशेजारी टेकले. "ही तर ल्हान भरती. उधान येतं ते अवस-पुनवंला."

"याच्याहून मोटं?"

"लई मोटं. बरं, तुमची समिती काय म्हनती? घर बुडनार कवा?"

बाबालालनी मान खाली घातली. समितीत जे ऐकलं ते फिरवून सांगणं त्यांच्याने होईना. "सायेब म्हनलं, लई हळू वाढतोय. आपली नातवंडं म्हातारी व्हतील तवा कुटं..."

"अवो, पर आदी नातवंडं तरी व्हऊ द्याल का न्हाई?" बिस्मिल्ला कडाडली. "त्येंच्या आई-बाचं लगीन मोडून बसलाय, अन् त्येंच्या म्हातारपनाची काळजी करताय!"

मागच्या दारातून रमजानच्या हसण्याचा फुटका आवाज आला. चाँदभाई तर पायरी धरून हसले. उंबऱ्यात थांबलेली गुलशन पदराआड तोंड लपवून वळली आणि वाटी तिने बाबालालच्या हातात दिली. बाबालालनी ती बायकोपुढे केली. बिस्मिल्लाने चिमूट उचलली, बाबालालचं बोट मात्र वाटीतच राहिलं.

"एक सल्ला देऊ?"

"द्या," गुलशन म्हणाली.

"तारीख धरताना अवस-पुनव टाळा. आमचं वऱ्हाड घाटावरचं हाय. मंडपात पानी बघितलं तर सगळी माळ्यावर चढून बसतील."

"ह्यो सल्ला पटला बगा," गुलशन म्हणाली. तेव्हा कुठे बाबालालनी साखर तोंडात टाकली.