डब्याला दिवा शांत करायला शिकवलं

मंडळी, आज सास्तूरच्या आमच्या घरात जुंपली. एकीकडं माझ्या सासूबाई, दुसरीकडं तोंडी हुकमावर लाईट चालू-बंद करणारा वायफायचा डबा, म्हणजे स्मार्ट स्पीकर.

देवघरातला बल्ब घालवायला सासूबाई म्हणाल्या, "दिवा शांत कर." डब्यानं बल्ब तसाच ठेवून शांत संगीत लावलं!

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, 'बंद कर' म्हणा की."

"देवापुढं? दिवा शांत करतेत, बंद न्हाय. त्यालाच शिकव."

पटलं. आपल्या घरात आलाय, तर आपली भाषा त्यानंच शिकावी! मोबाईलवरून डब्यात त्यांचेच शब्द भरले. सासूबाई पुन्हा बोलल्या अन् बल्ब लगेच शांत झाला.

तुमच्या घरी कोण कुणाची भाषा शिकतंय? आमच्या सासूबाईंनी डब्याबद्दल निकाल दिलाय: "व्हय, आता आलं माणसात!"