रविवारचं कुलूप

नाशकात घर असलेल्या कारकुनाने एक तर रविवारची झोप सोडावी, नाहीतर नातेवाईक. मला दोन्ही हवे होते, तिथेच घोटाळा झाला.

आमची खोली द्वारका चौकापाशी. त्र्यंबकेश्वराला निघालेला प्रत्येक नातेवाईक जाताना चहाला आणि येताना जेवायला आमच्याकडे उतरायचा, आणि तोही नेमका रविवारी! त्यात त्या साली मार्चअखेरीने ऑफिसात माझा पार पिट्ट्या पाडला होता. बसमध्ये मी उभ्या उभ्या झोपायचो (कंडक्टर दया येऊन उठवायचा). शेवटी एका रविवारी जेवणं आटोपल्यावर हिला म्हणालो, "तू मैत्रिणीकडे जा. बाहेरून कुलूप लाव. मी आत झोपतो. कुलूप बघून पाहुणे आल्या पावली परत जातील."

"आणि कुणी बसूनच राहिलं तर?"

"कुलपासमोर कोण बसतं?"

हिचे मामा बसतात! कळवणहून मामीला घेऊन आले, कुलूप पाहिलं आणि सरळ ओट्यावर सतरंजी पसरली. "येतीलच की. तवर टेकू जरा." आत मी श्वास रोखून पडलेलो. शिंक आली, ती उशीत दाबली. शेजारच्या निकमकाकूंनी त्यांना चहा दिला (फटीतून नुसता वास मला!). चहा पिऊन मामा आडवे झाले आणि घोरू लागले. ते ऐकता ऐकता मलाही झोप लागली. मी घोरतो, हे त्या दिवसापर्यंत मला मान्य नव्हतं.

"अहो उठा! घरात चोर हाय! घोरतोय!" मामी किंचाळल्या.

मामांनी काठीने खिडकी ढकलली. आत मी, अंगात बनियन आणि उन्हाळ्यापायी डोक्याला ओला टॉवेल.

"चोर नाय गं, जावईबापू हायेत! आन् बाहेरून कुलूप?"

आता काय सांगणार? तुम्ही टळावेत म्हणून? सुचलं ते बोलून गेलो, "मामा, जरा डोकं थकलंय."

मामींनी मामांना खिडकीपासून मागे ओढलं.

"तरीच!" निकमकाकू म्हणाल्या. "परवा एकटेच बडबडत होते." (साहेबांकडे रजा कशी मागायची, त्याची ती तालीम होती!)

एवढ्यात ही आली. मामांनी हळूच विचारलं, "पोरी, कधीपासून हाय हे?"

हिने कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "लग्नापासून."

मामांचे डोळे भरून आले. माणूस मायाळू. त्र्यंबक रद्द करून म्हणाले, "आठ दिस आमच्या मळ्यात ऱ्हावा. आराम पडंल." मी मान खाली घातली, पण मनात उकळ्या फुटत होत्या. आठ दिवस झोप! दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज ऑफिसात धाडून मी मामांबरोबर एस.टी.त बसलो.

मळ्यात निंबाखाली खाट टाकली होती. वारा सुरेख होता. डोळा लागतो न लागतो तोच माणसं यायला लागली. अख्खं गाव मला बघायला लोटलं! कुणी अंगारा लावी, कुणी लिंबू उतरवी, कुणी कानाशी ओरडे, "मला वळखलं का?" (जन्मात पाहिलं नव्हतं!) रात्री मामा स्वतः उशाशी बसत आणि मी झोपलो की नाही, हे हलवून विचारत.

तिसऱ्या दिवशी एक आजीबाई बांधावरच थांबल्या. "चावत तर नाय ना?"

"छे! लय गरीब हाय," मामा म्हणाले.

मामांचा माझ्यावर फार विश्वास. पण खरं सांगतो, आजीबाई आणखी दोन पावलं पुढे आल्या असत्या, तर माझी मला खात्री नव्हती!