मोडक्या होडीचे पितळी बोल्ट
होडीला चोळायच्या माशाच्या तेलाचा वास आला, की मला मिठबावची आमची विहीर आठवते. एका वर्षी खाऱ्या वाऱ्याने विहिरीवरच्या डिझेल पंपाचे लोखंडी बोल्ट गंजून झिजले होते, पाणी चढेना आणि ऐन चैत्रात माडाची रोपं माना टाकत होती. कुडाळहून मेकॅनिक येईपर्यंत मी थांबणारी नव्हते. पाना घेतला आणि किनाऱ्यावरच्या मोडक्या होडीचे पितळी बोल्ट काढायला बसले. सासरे आपल्या त्या होडीला कुणाला हात लावू देत नसत. ते आले, बघत राहिले, मग होडीच्या त्याच माशाच्या तेलाची बाटली पुढे करत म्हणाले, “तसोच पिळू नको गो, तुटतलो. आधी तेल सोड.” बोल्ट पंपाला चपखल बसले. पाट भरून वाहू लागला, तसे त्यात पाय सोडून ते म्हणाले, “माझी होडी परत पाण्यार इली.” आज पंप विजेचा आहे, बोल्ट मात्र मी तेच लावून घेतले.